आधी मोठ्यांचा फोन खाली

मोबाईलमुळे आजकालची मुलं वाया गेली, हे वाक्य मला सगळ्यात जास्त वेळा कुठे वाचायला मिळतं सांगू? मोबाईलवर! आमच्या घरच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला सुरुवात होते. आधी सूर्यफूल, मग सुविचार, मग एक लांबलचक मजकूर. पूर्वी मुलं विटीदांडू खेळायची, आता मोबाईल खेळतात, पूर्वी आजी गोष्टी सांगायची, आता ऐकायला कोणी नाही, वगैरे वगैरे. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. पाठवणारे काका सत्तरीचे. त्यावर जोडलेले हात टाकणाऱ्या मावशी पासष्टीच्या. आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललेलं असतं ती मुलं त्या वेळी गाढ झोपलेली असतात.

(काका, मावशी, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे. रागवा हवं तर, पण शेवटपर्यंत वाचा.)

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांचं आणि मोबाईलचं नातं बिघडलंय, हे मला मान्य आहे. चिंचणीसारख्या समुद्रकाठच्या गावात सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली आठ-दहा पोरं एका ओळीत बसलेली दिसतात, समोर भरतीचं पाणी आणि सगळ्यांच्या माना खाली. हे बघून मलाही बरं वाटत नाही. पण हे सुधारायचा जो एकच रस्ता आपण धरून बसलोय, म्हणजे मुलांना बोलायचं, मुलांचा फोन काढून घ्यायचा, मुलांसाठी नियम करायचे, त्या रस्त्याने काही होणार नाही. जो नियम घरातल्या मोठ्यांना लागू नाही, त्याला मुलं नियम मानतच नाहीत. आणि त्यांचं बरोबर आहे.

जरा आठवून बघा, हा फोन त्यांच्या हातात आला कसा? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि महिन्याला मोजून मापून वापरायचं इंटरनेट एकदम पाण्यासारखं झालं. तेव्हा फोन मोठ्यांकडेच होते. रात्री जेवणं झाली की पडवीत बसून व्हिडिओ बघणारे आपणच होतो. मग २०२० चं लॉकडाऊन आलं. शाळा बंद झाल्या आणि आपण स्वतःच्या हाताने मुलांना फोन दिले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी उसनवारी करून घेतले. आपल्याच तालुक्याच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर तर रेंज मिळेल त्या टेकाडावर मुलं चढून बसायची. तेव्हा फोन म्हणजे शिक्षण होतं. शाळा उघडल्या आणि एका दिवसात तोच फोन व्यसन झाला. मधल्या काळात मुलांना कोणी सांगितलं होतं का, की याचा वापर कुठपर्यंत आणि कुठे थांबायचं? सायकल देताना आपण मागे कॅरिअर धरून पळतो. पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरतो. फोन मात्र रिचार्ज मारून हातात दिला आणि म्हटलं, घे.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉक बंद केलं. कितीतरी घरांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. पुढच्या दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणलं, आणि पोरं तिकडे गेली. मला त्या बंदीच्या राजकारणात शिरायचं नाही. एवढंच सांगायचंय, की सवय तशीच राहिली, फक्त दुकान बदललं. बंदीने सवय सुटत नाही, याचा इतका ताजा अनुभव गाठीशी असूनही घरोघरी आपण तेच करत राहतो.

गेल्या गणपतीत आमच्या घरी आरतीच्या वेळी माझ्या बारावीतल्या भाच्याला सगळ्यांनी मिळून झापलं. का, तर तो कोपऱ्यात फोन घेऊन उभा होता. झापणारे कोण? एक जण आरतीचा व्हिडिओ काढत होते. दुसऱ्यांनी पुण्याच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला होता. तिसऱ्यांच्या खिशात आरती चालू असतानाच फोन वाजला आणि ते बाहेर जाऊन अंगणात मोठमोठ्याने बोलत होते. रात्री पोरगा मला म्हणाला, “आत्या, एवढ्या लोकांच्या हातात फोन होते. मोजला फक्त माझाच.” मी त्याला काय उत्तर देणार? त्याचा हिशोब बरोबर होता.

कोणी म्हणेल, मोठ्यांचं वेगळं असतं, त्यांना समज असते. समज! या शब्दावर मला जरा थांबायचंय, कारण आपण याच तालुक्यात राहतो.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. आमचं चिंचणी तालुक्याच्या समुद्राकडच्या टोकाला, गडचिंचले डोंगराकडच्या, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ. लॉकडाऊनचे दिवस होते. भागात चोर फिरतायत, मुलं पळवणारे आलेत, किडन्या काढणारी टोळी आली आहे, अशा अफवा कित्येक दिवस मोबाईलवरून फिरत होत्या. त्या रात्री सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. त्या घटनेला इतर अनेक बाजू आहेत, त्यांचं मी इथे वकीलपत्र घेत नाही. पकडलेल्यांत काही अल्पवयीन मुलंही होती, हेही खरं. पण बहुसंख्य माणसं मोठी होती. घरादाराची, मुलाबाळांची. आणि ते एकमेव उदाहरण नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ठार मारलं. तिथेही मुलं पळवणाऱ्या टोळीची मोबाईलवरची अफवाच होती. त्या वर्षी देशात असे प्रकार इतके झाले की जुलैमध्येच व्हॉट्सअॅपला भारतापुरती एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालावी लागली.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हाची आठवण काढा. धुंदलवाडीकडची माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती. आणि आपल्या फोनवर काय येत होतं? ‘आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार, सगळ्यांना कळवा.’ भूकंप किती वाजता होणार हे जगातलं कुठलंच यंत्र सांगू शकत नाही, हे आठवीतल्या मुलांना भूगोलात शिकवतात. मेसेज पुढे ढकलत होतो ते आपण, आठवी कधीच पास झालेले.

म्हणून मला ‘आजकालची मुलं’ हा शब्दप्रयोग ऐकला की राग येतो. मुलं रील्स बघून आपला वेळ घालवतात, डोळे घालवतात, झोप घालवतात. नुकसान आहेच. पण न वाचता, न तपासता एक बोट दाबून माणसांच्या जिवावर उठणारा मजकूर पसरवणं हे मोठ्यांचं काम आहे, आणि त्याबद्दल कुठल्या घरात कोणाचा फोन काढून घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता दोन गावांची गोष्ट सांगते. दोन्ही आपल्याच राज्यातली, दोन्ही २०२२ सालची.

पहिलं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पुसद तालुक्यातलं बान्सी. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. मोडलं तर दोनशे रुपये दंड. सगळ्या पेपरांत बातमी आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. ठराव करणाऱ्यांना मुलांची काळजीच होती. पण ठराव कोणासाठी? जे ग्रामसभेत बसूच शकत नाहीत त्यांच्यासाठी! अठरा वर्षांवरच्यांनी हात वर केले आणि अठरा वर्षांखालच्यांचे फोन गेले. हात वर करणाऱ्याला स्वतःचं काहीच सोडावं लागलं नाही.

दुसरं गाव सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तीनेक हजार वस्तीचं. तिथे १४ ऑगस्ट २०२२ ला गावाने बैठक घेऊन ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. सात वाजले की गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला परत चालू. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा गावातल्या पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. मग बायकांना बोलावलं. बायकांनी सरळ कबूल केलं, की आम्हीच मालिका बघत बसतो, एकात एक गुंतत जातो, तेव्हा बंद करायचं तर सगळ्या गावाचं करा. वॉर्डावॉर्डात समित्या झाल्या. अंगणवाडी सेविका, आशा ताई, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावू लागले.

दोन्ही गावांना चिंता एकच होती. लॉकडाऊननंतर मुलं पुस्तकाला हात लावत नाहीत, फोन सोडत नाहीत. पण बान्सीने बोट मुलांकडे दाखवलं आणि वडगावने भोंगा सगळ्यांसाठी वाजवला. मला वडगावची तऱ्हा पटते, आणि ती ‘सौम्य’ आहे म्हणून पटते असं नाही. उलट ती जास्त कडक आहे. दोनशे रुपये दंड भरणं सोपं. बापाने सात वाजता स्वतःचा फोन कपाटावर ठेवणं अवघड आहे. पण बापाने ठेवला की मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

या सगळ्यात सुरुवात बायकांच्या कबुलीने झाली हेही लक्षात घ्या. आपल्याकडे मोबाईलचा विषय निघाला की कबुली देणारं कोणीच नसतं. सगळे आरोप करणारे.

‘मुलांनी मनावर ताबा ठेवायला शिकलं पाहिजे’ असंही एक वाक्य असतं. शिकलंच पाहिजे. पण समोर काय आहे ते तरी बघा. आपण पेपर वाचतो तेव्हा शेवटचं पान येतं. मालिकेचा भाग संपतो. फोनवर खाली सरकवत गेलं की संपतच नाही. हे आपोआप झालेलं नाही. न संपणाऱ्या पानाची ही युक्ती २००६ साली अझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने काढली, आणि पुढे तिचे परिणाम बघून त्यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपण न सांगता सुरू होतो. मध्येच लाल ठिपका येतो, कोणीतरी काहीतरी म्हणालं आहे असं सांगतो. माणूस थांबू नये यासाठी हुशार माणसं पगार घेऊन बसली आहेत, कारण आपण जितका वेळ बघतो तितक्या जाहिराती खपतात. त्यांच्यासमोर आपण नववीतल्या पोराला एकट्याला उभं करतो आणि म्हणतो, मन घट्ट कर!

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांचा व्हिडिओ फिरला होता, आठवत असेल. विधान परिषदेत बसलेत आणि मोबाईलवर पत्त्यांचा खेळ दिसतोय. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. खरं धरू. पण मग जी जाहिरात सभागृहात बसलेल्या मंत्र्यांनाही सोडत नाही, ती शिकवणीहून चालत येणाऱ्या पोराला सोडेल का? पुढच्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. चांगलं केलं. त्या खेळांत पगार घालवणारे मात्र शाळकरी नव्हते, कमावते होते.

जगातही यावर वाद चालू आहेत. जोनाथन हाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की स्मार्टफोन आणि सोशल मीडियाने एका पिढीचं बालपण बदललं आणि मुलं चिंताग्रस्त झाली. त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या संशोधकांनी विचारलं, की याला कारण फोनच आहे हे कशावरून? ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला कायद्याने मनाई केली. तिथे निदान दंड मुलांना नाही, आईबापांना नाही, कंपन्यांना आहे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दुकानदाराला जाब विचारा, गिऱ्हाईक पोराला काय झोडता?

आता ज्या कारणासाठी खरं तर मी हे लिहायला बसले, ते सांगते.

माझ्या ओळखीतली एक मुलगी. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. सतरा वर्षांची. कोणीतरी तिचा फोटो घेऊन त्यात छेडछाड करून भलताच फोटो तयार केला आणि तिला धमकवायला सुरुवात केली. पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो. मुलगी तीन आठवडे गप्प होती. जेवण तुटलं, झोप तुटली, घरच्यांना वाटलं परीक्षेचं टेन्शन. शेवटी तिने मैत्रिणीला सांगितलं आणि मैत्रिणीच्या आईने धीर करून पुढचं सगळं केलं. तक्रार झाली, प्रकरण थांबलं. नंतर तिला विचारलं, घरी का नाही सांगितलंस? तिचं उत्तर असं होतं: “सांगितलं असतं तर फोन काढून घेतला असता, आणि मग कॉलेजही बंद केलं असतं.”

हे वाक्य पुन्हा वाचा. तिची चूक काहीच नव्हती. तरी तिला धमकी देणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा घरच्यांची भीती जास्त होती. कारण लहानपणापासून तिने एकच पाहिलं होतं. फोनच्या बाबतीत काहीही झालं की शिक्षा आपल्यालाच होते. मुलग्याचा फोन आठ दिवस कपाटात जातो. मुलीचं शिक्षण थांबतं, आणि कधी कधी स्थळं बघायला सुरुवात होते. ‘फोन काढून घेईन’ या धमकीची खरी किंमत ही आहे. वेळ वाया जाण्यापेक्षा कितीतरी मोठी. ज्या दिवशी मुलाला आपली सगळ्यात जास्त गरज असते त्याच दिवशी ते आपल्याकडे येत नाही.

म्हणून प्रत्येक घरात मुलांना एक वाक्य आधीच सांगून ठेवायला हवं. फोनवर काहीही झालं, तुझ्याकडून काहीही चूक झाली असली, तरी आधी मला सांग, मी फोन काढून घेणार नाही. आणि ते पाळायला हवं. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा नंबर आहे, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. हे दोन नंबर सुविचारांइतके फिरले असते तर किती बरं झालं असतं!

‘मग काय, पोरांना मोकळं सोडायचं?’ हा प्रश्न येणारच. नाही. मोकळं कशाला सोडायचं? आपल्याच तालुक्यात याचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायकांनी देऊन ठेवलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. त्यांनी मुलांना आळशी म्हटलं नाही, आईबापांना अडाणी म्हटलं नाही. बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर आपण जो अंगणवाडी शब्द वापरतो त्याचं मूळ तिथे आहे. मुलं गुरं चारायला जातात म्हणून येत नाहीत, असं दिसलं तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं तिथे मुलं, मुलं तिथे शाळा. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड घेऊन शिकवलं.

आज आपली मुलं कुठल्या कुरणात आहेत? फोनच्या. मग तिथे जा ना! शेजारी बसा. तू काय बघतोस ते मला दाखव म्हणा, आणि दाखवल्यावर नाक मुरडू नका. तुला हाच व्हिडिओ का दाखवला असेल, विचारा. यातून पैसे कोणाला मिळतात, विचारा. हा फोटो खरा कशावरून, विचारा. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो ते कुठून बंद करायचं, लाल ठिपके कसे घालवायचे, हे दोघांनी मिळून शोधा. बहुतेक वेळा पोरगंच आपल्याला शिकवेल. शिकू द्या. याला अर्धा तास लागतो. ओरडायला दोन मिनिटं लागतात, म्हणून आपण ओरडतो.

दुसरी गोष्ट हाताची. आपल्या चिंचणी, वरोर, वाढवणच्या पट्ट्यात घरोघरी डायचं काम चालतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची, मग त्या डायवर पातळ पत्रा ठोकून दागिना उठवायचा. ते काम करणाऱ्या मुलाला कधी बघितलंय? छिन्नी एका केसाने सरकली तर दिवसाचं काम वाया. तो दोन-दोन तास मान वर करत नाही. कोण म्हणतं आजकालच्या मुलांचं लक्ष लागत नाही? लक्ष लागण्याजोगं काम हातात असलं की लागतं. त्यातली काही मुलं आता तीच नक्षी संगणकावर काढतात. तेच डोळे, तोच पडदा, पण तिथे मुलगा काहीतरी बनवतो आहे. समुद्रावर जाणाऱ्यांचंही तेच. वारा कसा आहे, मासा कुठे मिळण्याची शक्यता आहे, ही सरकारी माहिती आता फोनवर येते, आणि होडीवरचा तरुण पोरगा ती बापाला वाचून दाखवतो. तिथे फोन व्यसन नसतो. तिथे तो जाळ्यासारखंच एक साधन असतो.

आणि ज्यांच्या हातात असं काम नाही त्यांना आपण काय दिलंय? मोकळं मैदान किती उरलं? वाचनालय संध्याकाळी उघडं असतं का, आणि तिथे सोळा वर्षांच्या मुलाला वाचावंसं वाटेल असं काही नवं आहे का? मुलीला अंधार पडल्यावर किनाऱ्यावर एक फेरी मारायला आपण जाऊ देतो का? सगळी दारं लावून घ्यायची आणि उरलेल्या एका खिडकीत मूल बसलं की ओरडायचं, हा कुठला न्याय?

काही घरांत हे सगळं करूनही मूल फोनमधून बाहेर येत नाही, चिडतं, मारायला उठतं. तिथे ओरडून, समजावून भागत नाही, डॉक्टरांकडे न्यावं लागतं, आणि त्यात लाज बाळगायचं कारण नाही. ताप आला की नेतोच ना? पण बहुतेक घरांतलं दुखणं त्या थराला गेलेलं नाही. ते सवयीचं आहे, आणि सवय घरातली आहे.

तर आता नातेवाईक मंडळींसाठी. दिवाळीला आपण सगळे चिंचणीला जमणार आहोत. मी ओटीवर एक वेताची टोपली ठेवणार आहे. संध्याकाळी सात ते साडेआठ सगळ्यांचे फोन त्यात. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे. वयाने सगळ्यात मोठा असेल त्याने आधी ठेवायचा, मग उतरत्या क्रमाने, सगळ्यात धाकट्याने शेवटी. कोणाच्या घरी आजारी माणूस असेल तर त्याचा फोन चालू ठेवून टोपलीशेजारी, वाजला तर उचलायचा. मुलांना यातलं काही आधी सांगायचं नाही, उपदेश करायचा नाही, ‘बघा कसं बरं वाटतं’ असं तर अजिबात म्हणायचं नाही. नुसतं ठेवायचं आणि पत्ते काढायचे, नाहीतर पाण्याला भरती असेल तर किनाऱ्यावर जायचं. आणि रात्री झोपताना सगळ्यांचे चार्जर बाहेरच्या खोलीत, मोठ्यांचेही.

ज्यांना हे जमणार नाही असं वाटतं त्यांनी आत्ताच कळवा. मग त्यांनी भाच्याला फोनबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, एवढीच अट.